दीव दोन दिवसांत: किल्ला, बंदर आणि जुनं गाव कोणत्या क्रमाने पाहावं?

सुरसागर_काठ (वडोदरा)

आमच्या वाचनमंडळाचे पंधरा-सोळा जण दिवाळीनंतर दीवला जाणार आहेत. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, दोघांचे गुडघे दुखरे. मुक्काम दोन रात्रींचा. बडोद्याहून दीवला जाणाऱ्यांना नागवाचा किनारा पाठ असतो, पण बंदर म्हणून दीव काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्हाला तेच समजून घ्यायचं आहे. इजिप्तच्या आरमारापासून तुर्कांपर्यंत सगळे या एवढ्याशा बेटासाठी का लढले? गुजरातच्या सुलतानाने ते पोर्तुगीजांच्या हाती का दिलं? आणि आज तिथे उभं राहून यातलं काय डोळ्यांनी दिसतं?

माहितीफलकांवर सनावळी असते, कारणं नसतात. जाणकारांनी नीट सांगावं. आधी काय पाहावं, कुठे किती वेळ द्यावा, कुठे गफलत होते, हेही लिहा. गाडी आमची स्वतःची, छोटी बस आहे.

वेशीबाहेर

दीवची सुरुवात चांपानेरला करा. निघायच्या आधीच्या रविवारी अर्धा दिवस काढून पावागडच्या पायथ्याशी जाऊन या, बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. दीवच्या किल्ल्याचं कारण तिथे आहे.

१५३५ मध्ये हुमायून गुजरातवर चालून आला. सुलतान बहादूरशहा मंदसोरहून मांडू, मांडूहून चांपानेर, तिथून खंबायत असा मागे हटत गेला. खंबायतेला त्याने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःचीच जहाजं जाळली आणि दीव गाठलं. इकडे मुघलांनी पावागडच्या उभ्या कड्यात लोखंडी खिळे ठोकून रात्री वर चढून किल्ला घेतला. राजधानी गेली, खजिना गेला, पाठीशी फक्त समुद्र उरला. त्या अवस्थेत बहादूरशहाने पोर्तुगीजांकडे मदत मागितली आणि ऑक्टोबर १५३५ च्या तहात दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १५३४ मध्ये, मुघलांच्या धास्तीनेच त्याने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं देऊन टाकली होती. वसईच्या किल्ल्याची आणि दीवच्या किल्ल्याची नाळ अशी एकच आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलं.

पोर्तुगीजांना हे बेट त्याच्याही किती आधीपासून हवं होतं ते लक्षात घ्या. १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांच्या आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हरवलं. त्यात व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड म्हणून ३ फेब्रुवारी १५०९ ला आल्मेदाने दीवच्या तोंडाशी मामलुक आरमाराचा निकाल लावला. त्यानंतर अरबी समुद्रात पोर्तुगीजांना तोडीस तोड आरमार बराच काळ उरलं नाही. तरी बेट मिळालं नाहीच, कारण मलिक अयाझ. गुलाम म्हणून गुजरातेत आलेला हा माणूस. खाडीत बुरूज बांधून त्याने तोंडावर साखळी ओढायची सोय केली, बंदर राखलं आणि लढाई हरल्यावर मुत्सद्देगिरीने वेळ मारून नेली. दीव घडवणारा माणूस कोण असं विचाराल तर मी त्याचंच नाव घेईन. फलकांवर त्याला फार कमी जागा मिळते याचं मनापासून वाईट वाटतं. १५३१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या मोठं आरमार घेऊन आला, तोही हात हलवत परतला. पंचवीस वर्षं जे तोफांनी जमलं नाही, ते हुमायूनच्या स्वारीमुळे एका तहात जमलं.

आता किल्ला. तो बेटाच्या पूर्व टोकाला आहे. तीन बाजूंना पाणी, गावाच्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक. भरतीला त्यात समुद्राचं पाणी शिरतं, ओहोटीला तळ उघडा पडतो. पुलावर थांबून खंदकाच्या दोन्ही भिंती पाहा. खालचा भाग अखंड खडक आहे, टाकीचे घाव दिसतात, आणि एका ठरावीक रेषेपासून वर बांधकाम सुरू होतं. म्हणजे खंदकातून निघालेला दगड बांधकामाला जागच्या जागी मिळाला. आत गेल्यावर दुसरी तटबंदी आणि तिच्यापुढे दुसरा खंदक. बहुतेक लोक पहिल्या दरवाज्यातून थेट दीपगृहाकडे जातात आणि हा दुसरा खंदक त्यांच्या नजरेतून सुटतो. खरं तर किल्ल्याची सगळी युक्ती तिथेच आहे: पहिली भिंत पडली तरी शत्रू एका अरुंद पट्ट्यात, दोन भिंतींच्या मध्ये सापडतो.

आज दिसणारी ही मजबुती मुख्यतः १५४६ नंतरची आहे. १५३५ चा किल्ला लहान होता. १५३८ च्या सप्टेंबरात सुलेमान पाशा तुर्कांचं सत्तरच्या आसपास जहाजांचं आरमार घेऊन आला, तेव्हा आत सहाशेच्या आसपास माणसं होती. नोव्हेंबरात तो वेढा उठवून निघाला त्या वेळी लढण्याजोगी चाळीसेक उरली होती. तो का निघाला हे महत्त्वाचं. किल्ला आज पडेल की उद्या अशी स्थिती होती, पण गुजराती सरदारांना तुर्क आपल्याच उरावर बसतील ही भीती वाटायला लागली होती. त्यांनी रसद आखडती घेतली, त्यात गोव्याहून कुमक येतेय अशी बातमी आली. बहादूरशहा १५३७ मध्ये पोर्तुगीज जहाजावरून परतताना दीवसमोरच्या पाण्यात मारला गेला होता. गुजरातला सूड हवा होता, पण नवा धनी नको होता.

दुसरा वेढा १५४६ चा, एप्रिल ते नोव्हेंबर. खोजा सफर हा गुजरातचा सेनापती तोफेच्या गोळ्याने गेला, पण त्याच्या माणसांनी भुयारं खणून बुरूज उडवले. एका सुरुंगात गोव्याचा गव्हर्नर जुआंव द काश्त्रू याचा मुलगा मेला. मग काश्त्रू स्वतः आला. फौज समुद्राच्या बाजूने रात्री शिड्यांवरून गुपचूप किल्ल्यात घेतली, रिकाम्या होड्यांवर भाले आणि वाद्यं ठेवून दुसरीकडेच उतरण्याचं सोंग केलं आणि शत्रूचं तोंड तिकडे वळल्यावर किल्ल्यातून बाहेर पडून हल्ला केला. समुद्राकडच्या तटावर उभं राहिलात की हे लगेच पटतं: जमिनीकडून किल्ला कितीही घट्ट वेढला तरी पाण्याची बाजू बंद करता येत नाही. समोर खाडीत पाणीकोट दिसतो, तो याच हिशेबातला. त्यानंतर किल्ला नव्याने बांधायला पैसे नव्हते, तेव्हा काश्त्रूने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले.

क्रम असा ठेवा: किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या, किमान अडीच तास. तटावर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि जिन्यांच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी दोन खंदक, दरवाज्यावरचे शिलालेख आणि खालच्या तोफा एवढंच केलं तरी गोष्ट पुरी कळते.

सुरसागर_काठ

चांपानेरचं सुचवल्याबद्दल फार आभार, मंडळात आजच सांगतो. एक शंका. छायाचित्रांत किल्ल्याच्या काही भिंती चाळणीसारख्या खाल्लेल्या दिसतात, आणि दगड आत गेलेला पण सांधे बाहेर आलेले. हा तोफांचा मार की समुद्राचा? आणि असल्या भिंतींची दुरुस्ती करतात कशी?

चुना_सुरखी

तोफांचा नाही. गोळ्याचा घाव एकटा असतो, वाडग्यासारखा खोल, भोवती दगड तडकलेला. तुम्ही म्हणता ती भोकं मिठाची आहेत.

दीवचा दगड सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सगळीकडे मिळतो तोच चुनखडी दगड, शिंपल्यांच्या भुग्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून झालेला. पोरबंदरचा दगड म्हणून आपल्याकडेही येतो. खाणीतून ताजा काढला की करवतीने कापता येतो, हवेवर हळूहळू घट्ट होतो. नायडाच्या गुहा पाहाल तेव्हा भिंतींवर सरळ रेषेत कापल्याच्या खुणा आणि पायरीपायरीचे कोपरे दिसतील. तिथून दगड काढत गेले आणि पोकळी राहिली. दुपारी बाराच्या सुमारास जा, वरच्या फटींतून उजेड खाली येतो तेव्हा या खुणा स्पष्ट दिसतात.

हा दगड सच्छिद्र आहे. खारे तुषार भिंतीवर बसतात, आत मुरतात. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. दीवला आर्द्रता रात्री त्या रेषेच्या वर आणि दुपारी खाली असे कितीतरी दिवस जातात. दरवेळी छिद्रात स्फटिक वाढतो आणि कण ढकलून देतो. म्हणून सगळ्यात जास्त खाल्लेला भाग पाण्याच्या रेषेवर नसतो. तो थोडा वर असतो, जिथे तुषार पोचतात पण पावसाने भिंत धुतली जात नाही: कंगोऱ्याखाली, खिडकीच्या आडोशाला, बुरुजाच्या वाऱ्याआडच्या अंगाला. किल्ल्यात हे मुद्दाम शोधा, पावसाची धार लागणारी भिंत आणि तिच्या शेजारची आडोशाची भिंत यांतला फरक हात लावून कळतो. बोट फिरवलं तर आडोशाच्या दगडाची रेती हातावर येते. एकदाच लावा, खरवडू नका.

सांधे बाहेर आले म्हणजे तिथे कुणीतरी नंतर सिमेंट भरलं आहे. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कठीण आणि ओलावा न सोडणारा. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते, सांध्यातून मिळत नाही, मग ती दगडातून निघते आणि मीठ दगडातच सोडते. सांधा टिकतो, दगड झिजतो. जुन्या चुन्यात उलटं होतं: सांधा मऊ, तोच झिजतो आणि पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येतो. सांधा हा झिजण्यासाठीच असतो, हे समजलं की अर्धी कामं बिघडायची थांबतील.

दुरुस्तीची पद्धत अशी. आधी मीठ कमी करायचं: कागदाचा लगदा स्वच्छ गोड्या पाण्यात भिजवून भिंतीवर बोटभर जाडीचा थापायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा, दोन-तीन आठवडे लागतात. सुकताना तो मीठ आपल्यात ओढतो. काढून टाकायचा, पुन्हा नवा लावायचा. काढलेला लगदा पाण्यात कालवून क्षार मोजले की कळतं किती वेळा करायचं. मग सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं, यंत्राने नाही, कारण यंत्राची पाती दगडाच्या कडा उडवते. सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल साफ करायचा. चुना भट्टीचा, पाण्याखाली विझवून निदान महिनाभर मुरवलेला. समुद्राकाठी नुसता चुना लवकर पकड घेत नाही म्हणून १ भाग चुना, १ भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी, २ भाग वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटेचीच घ्यावी. अर्धकच्च्या किंवा करपलेल्या विटेची भुकटी पकड देत नाही. वाळू नदीची, किनाऱ्याची घ्यायची नाही, आणि पाणीही विहिरीचं चव घेऊन पाहिल्याशिवाय वापरायचं नाही. कंत्राटदाराने जवळ आहे म्हणून खाडीचं पाणी वापरलं की केलेलं सगळं काम मिठात जातं.

भरण्याआधी सांधा ओला करायचा, भरल्यावर दगडाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत ठेवायचा, आणि गोणपाट टांगून दहा-पंधरा दिवस दमट राखायचं. दीवला वारा इतका असतो की गोणपाट दोन तासांत कोरडं होतं. त्याकडे माणूस नसला तर चुना पकडण्याआधीच सुकतो, पांढरी भुकटी होते आणि लोक म्हणतात चुना टिकत नाही, सिमेंटच बरं. खडखडीत उन्हाळ्यात हे काम काढूच नये.

रावपुऱ्यात, दांडिया बाजारात ज्यांचे जुने वाडे आहेत त्यांनी हे नीट पाहून यावं. तिथे मीठ समुद्राचं, इथे जमिनीतलं, पण जोत्याला सिमेंटचा गिलावा केला की ओल कमरेपासून खांद्यापर्यंत चढते ते याच कारणाने.

जंबुसर_रोड

किल्ला आणि दगड यांवर छान झालं, पण बंदर राहिलं. आणि दीव मुळात बंदर आहे.

खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक आठ-दहा मीटरच्या घरात जातो, प्रवाह भयंकर, वाळूचे दांडे जागा बदलणारे. तांबड्या समुद्राकडून, होर्मुझकडून आलेलं भरलेलं मोठं जहाज तिथे आत नेणं म्हणजे जुगार. दीव आखाताच्या बाहेर, मोकळ्या समुद्रावर आहे, भरतीचा फरक त्या मानाने खूप कमी, आणि बेट व जमीन यांच्यामधली खाडी म्हणजे आयता आडोसा. मोठी जहाजं इथे थांबत, माल लहान होड्यांत चढे आणि खंबायतेला जाई. परतीचं कापड, नीळ, अकीक याच वाटेने बाहेर. सगळा गुजरात मागे आणि त्याचा दरवाजा पुढे, अशी ही जागा होती. म्हणून भांडणं.

पोर्तुगीजांनी इथला व्यापार स्वतः फारसा केला नाही, तो अडवून त्यावर पैसा केला. प्रत्येक जहाजाला त्यांचा परवाना हवा, त्याला कार्ताझ म्हणत. त्यात जहाज, नाखवा, माल, जाण्याचं ठिकाण लिहिलेलं असे, आणि जाता-येता दीवला थांबून जकात भरण्याची अट. परवाना नसलेलं जहाज सापडलं तर माल जप्त. व्यापारी मात्र तेच राहिले, दीवचे वाणी. १६८६ मध्ये त्यांच्या मंडळीला मोझांबिकशी व्यापाराचा मक्ता मिळाला. इथून कापड जायचं, तिथून हस्तिदंत यायचा. आणि अठराव्या शतकात आफ्रिकेला जाणारं ते कापड कुठे विणलं जायचं? मोठ्या प्रमाणावर आपल्या जंबुसरला, पाद्र्याच्या रस्त्याने बडोद्याहून तासा-दीड तासावर. आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाची आवड दरवर्षी बदले, म्हणून वाणी नमुने पाठवून पुढच्या मोसमासाठी विणकरांना आगाऊ रक्कम देत. नमुन्याची बातमी उशिरा पोचली की वर्षभराचा माल पडून राही.

तोपर्यंत दीवची भरभराट मात्र ओसरली होती. १५७३ मध्ये गुजरात मुघलांकडे गेला, सुरत वाढली, इंग्रज आणि डच तिथे आले आणि दीवच्या परवान्याला कुणी पूर्वीसारखं भीक घालेना. त्यातच १६६८ मध्ये ओमानच्या अरबांनी शहर लुटलं. किल्ला अभेद्य राहिला आणि गाव लुटलं गेलं, यावरून किल्ला कुणासाठी होता ते कळतं.

म्हणून दुसरा दिवस जुन्या गावाला द्या. झांपा दरवाज्यापासून सुरू करा, आतल्या देवळीवर १७०२ हे साल आहे. तिथून पायी गल्ल्यांत शिरा. नगरशेठच्या हवेलीचा भाग, लाकडी सज्जे, वर पोर्तुगीज धाटणीची चुन्याची नक्षी आणि खाली दुकानासाठी ओटा: वाण्याचं घर आणि युरोपी दर्शनी भाग एकाच भिंतीत. ही माणसांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय आत कॅमेरा नेऊ नका. विचारलं तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात, आणि बडोद्याची मराठी मंडळी गुजराती बोलणारी, त्यामुळे अडचण नाही. पुढे सेंट पॉलचं चर्च, १६०१ ते १६१०, आतलं लाकडी कोरीवकाम सावकाश पाहा, तिथे आजही प्रार्थना होते तेव्हा रविवारी सकाळी टाळा. १५९८ चं सेंट थॉमस आता संग्रहालय आहे. पारशांच्या परंपरेनुसार संजाणला उतरण्याआधी त्यांचे पूर्वज १९ वर्षं दीवला राहिले. बेटावर त्यांच्या जुन्या दख्म्याच्या, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याच्या, खुणा आहेत, मंडळात कुणाला रस असेल तर तेही ठेवा.

सुरसागर_काठ

जंबुसरचं ऐकून आमच्यातल्या पाद्र्याच्या दोघी खूश झाल्या. शेवटचं विचारतो: तारखा कशा निवडाव्या, आणि रस्ता कोणता?

वेशीबाहेर

तारखा चंद्र पाहून निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते, तेव्हा खंदक भरलेला आणि रिकामा असा दोन्ही पाहता येतो. एकच फेरी असेल तर ओहोटीची वेळ धरा, खडकातलं कोरीवकाम तेव्हाच दिसतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या दिवशीची वेळ धरून बसू नका, तक्ता काढून ठेवा. पाणीकोटाला होडी बंदर चौकातल्या धक्क्यावरून, पण ती हवामान आणि परवानगी यांवर अवलंबून. नुसता किल्ल्याच्या तटावरूनही आकार नीट कळतो, पाण्यात उभ्या दगडी जहाजासारखा. शनिवार-रविवार आणि दिवाळीचा आठवडा टाळा, दारूसाठी येणाऱ्यांची गर्दी असते आणि खोल्यांचे भाव चढतात. परतताना बसमध्ये एकही बाटली नको. गुजरात हद्दीत नाक्यावर तपासणी होते, एकाच्या पिशवीत सापडली तरी सगळी बस अडकते.

रस्ता वासद, बोरसद, तारापूर, वटामण, भावनगर, महुवा, उना. चारशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून नऊ तास. पहाटे पाचला निघालात तर उजेडात पोचाल. येताना राजुल्याच्या अलीकडे-पलीकडे वेळ मिळाला तर जाफराबादला वळा. ते १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या अमलाखाली होतं, आणि उन्याच्या पश्चिमेचं कोडीनार बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतात. म्हणजे पोर्तुगीज, सिद्दी आणि गायकवाड या किनाऱ्यावर एकमेकांचे शेजारी होते. जाफराबादचा तट खाडीकाठी आहे, तासाभरात होतो. मासळीचं बंदर असल्याने धक्क्यावर बस नेऊ नका, गावाबाहेर उभी करा.